हॅमरस्मिथ तपासणी आणि मोबाइलवरचे चित्रण

बाळ वर्षाचे होऊनही बसत नाही, तेव्हा कुठे सेरेब्रल पाल्सीची (वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली बिघडण्याची) शंका घेण्याची आपली जुनी सवय मला आता खटकते. बाळाच्या मज्जासंस्थेची पाहणी करणाऱ्या, लंडनमध्ये विकसित झालेल्या हॅमरस्मिथ तपासणीत 26 बाबींना मिळून 78 गुण असतात. तिला महागडे यंत्र लागत नाही, लागतो तो सरावलेला हात आणि न रडणारे बाळ (हे दुसरे अधिक दुर्मीळ). अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते. हीच शंका लवकर पडताळण्याचा दुसरा मार्ग म्हणजे बाळाच्या हालचाली पाहणे. तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान, जाग्या आणि उताण्या निजलेल्या बाळाच्या मान, धड व हातापायांत दिसणाऱ्या बारीक, सतत चालणाऱ्या हालचाली आईने घरीच मोबाइलवर टिपल्या, तर दूरच्या तालुक्यातल्या कुटुंबाची एक खेप वाचते. त्या हालचालींचा अर्थ लावणे मात्र प्रशिक्षित डोळ्यांचेच काम आहे.