साध्या लॅपटॉपवर गेमचं अडखळणं थांबलं ते असं

विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर क्लिक केलं की खाली बारीक अक्षरांत एक ओळ दिसते, ‘स्लॉट्स यूज्ड’, म्हणजे रॅमची (चालू कामाच्या मेमरीची) पट्टी बसवायच्या किती जागा भरल्या आहेत. माझ्या लॅपटॉपवर तिथे ‘२ पैकी १’ असं होतं. गेम अडखळायला लागला की बहुतेक जण आधी ग्राफिक्सच्या सेटिंग्ज चिवडतात, नाहीतर यूट्यूबवर ‘एफपीएस बूस्ट’चे (एफपीएस म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, फ्रेमची संख्या) व्हिडिओ शोधतात. मला कुणी विचारलं तर मी आधी ही ओळ बघायला सांगते. माझ्या लॅपटॉपला सगळ्यात जास्त फायदा झाला तो इथूनच.

लॅपटॉप अगदी साधा आहे. २०२१ मध्ये कॉलेजची लेक्चर्स ऑनलाइन चालू होती तेव्हा बाबांनी घेऊन दिला होता. इंटेलचा आय५-११३५जी७ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (फायली साठवायची डिस्क), १५.६ इंची फुल एचडी स्क्रीन. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चित्र काढायचं काम प्रोसेसरमध्येच बसवलेला ग्राफिक्सचा भाग करतो. आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. दिवसभर ऑफिसचं काम झालं की रात्री ऐरोलीच्या मावसभावाबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम आणि सुट्टीच्या दिवशी एकटीने जीटीए फाइव्ह, एवढंच माझं खेळणं. पण ते मला मनापासून आवडतं. समोरून कुणी कोपऱ्यावरून बाहेर येतं आणि नेमकं त्याच क्षणी चित्र गोठतं, तेव्हा खेळात काही अर्थच उरत नाही. नवा गेमिंग लॅपटॉप साठ-सत्तर हजारांच्या पुढे जातो आणि तो खर्च घरात बसणारा नव्हता. म्हणून आहे त्यातूनच काय निघतं ते नीट बघायचं ठरवलं.

पहिलं काम मोजमापाचं. ‘आता जरा बरं वाटतंय’ या वाटण्यावर काहीही ठरवता येत नाही. जीटीए फाइव्ह पीसीवर २०१५ मध्ये आला, पण त्याच्यात एक सोय आहे जी मला अजून फार मोलाची वाटते. ग्राफिक्सच्या मेनूत टॅब दाबला की तो स्वतःच एक चाचणी चालवतो. ठरलेली दृश्यं, शेवटच्या भागात शहरावरून उडणारं विमान आणि मग रस्त्यावरची गाडी. दरवेळी तेच दृश्य असल्यामुळे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. मी एक वही केली आणि नियम घालून घेतला: एका वेळी एकच बदल, मग चाचणी, मग नोंद. नुसती सरासरी लिहायची नाही, सगळ्यात कमी आकडाही लिहायचा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. सरासरी ४० दाखवत असली तरी मधेच एखादी फ्रेम दीडशे मिलिसेकंद घेते आणि डोळ्यांना खुपते ती तीच. माझी सरासरी तिशीच्या थोडी वर होती, पण खालचा आकडा पार एक अंकी व्हायचा.

आता रॅमकडे. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. जीटीएक्स १६५० सारख्या जुन्या, साध्या कार्डाचीही मेमरी सेकंदाला १२८ जीबी माहिती पुरवू शकते. आपल्या साध्या लॅपटॉपात ग्राफिक्सला स्वतःचं असं काही नसतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेही एकाच रॅमवर जगतात. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते. दोन पट्ट्या असल्या की दोन्ही मार्ग एकदम चालतात आणि तो आकडा ५१.२ वर जातो. याला ड्युअल चॅनल म्हणतात. शिवाय माझ्या ८ जीबीतली जवळपास निम्मी विंडोज आणि मागे उघडा असलेला क्रोमच खात होते. उरलेल्यात गेम आणि ग्राफिक्स दोघांना बसवायचं. जागा संपली की विंडोज एसएसडीवर सामान हलवायला लागतं आणि तिथेच ते गोठणं येतं.

यात एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यावर मला प्रोसेसर पहिल्यांदा नीट समजला असं वाटलं. माझ्यासारख्या आय५ मध्ये ‘आयरिस एक्सई’ ग्राफिक्स असतं असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. पण मेमरी एकाच चॅनलवर चालत असेल तर विंडोजमध्ये त्याचं नाव नुसतं ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स’ असं दिसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ उघडून बघा. तुमचा प्रोसेसर आयरिसवाला आणि नाव यूएचडी दिसत असेल, तर पैसे भरलेलं ग्राफिक्स मेमरीच्या अर्ध्या वेगावर चालतंय असं समजा.

रॅम घेण्याआधी हे तपासा: दुसरा स्लॉट खरंच मोकळा आहे का? पातळ लॅपटॉपात रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हा मार्ग बंद. प्रकार डीडीआर४ की डीडीआर५? दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात, एक दुसऱ्यात बसत नाही. वेग वेगवेगळा असला तर दोन्ही पट्ट्या कमी वेगाने चालतात. मी सीपीयू-झेड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जुन्या पट्टीची सगळी माहिती बघितली, तिचा फोटो काढला आणि मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. ठाण्यातही मिळाली असती, पण तिथे एका रांगेत दहा ठिकाणी भाव विचारता येतो आणि पट्टी हातात घेऊन लेबल वाचता येतं. ८ जीबीची पट्टी २०२४ मध्ये दोन हजारांच्या आत-बाहेर मिळाली. नंतर मेमरीचे भाव बरेच चढले, त्यामुळे आता घेणाऱ्याने आधी चार ठिकाणी विचारावं. बिल आणि वॉरंटी मात्र सोडू नका.

बसवायचं काम घरीच केलं. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, मागचे स्क्रू लांबीप्रमाणे कागदावर मांडून ठेवलेले. प्लॅस्टिकचं जुनं कार्ड कडेने फिरवून मागचं झाकण सोडवलं. आधी बॅटरीची पिन काढली, मग कुठेतरी धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. पट्टी तिरकी सरकवायची, पूर्ण आत गेली की खाली दाबायची. दोन्ही बाजूच्या चिमट्यांचा ‘टक्’ असा आवाज येतो. चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळीच राहिली. आई शेजारी उभी होती, म्हणाली, “बिघडवलास ना?” नवी रॅम ओळखायला पहिल्यांदा असा वेळ लागू शकतो. थांबायचं. मग विंडोज आलं, डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि तिथे ‘आयरिस एक्सई’ हे नाव होतं. मला झालेला आनंद आईला समजावून सांगणं अवघड होतं. त्याच सेटिंग्जवर जीटीएची सरासरी पन्नाशीच्या जवळ गेली आणि तो एक अंकी खालचा आकडा गायब झाला.

पण दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा घसरण सुरू व्हायची. सुरुवातीला छान आणि नंतर वाईट, असं झालं की उष्णतेकडे बघावं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर तापमान दाखवतं आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या पुढे हो किंवा नाही असंही सांगतं. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. माझ्याकडे तिथे ठळक ‘हो’ होतं. मे महिन्यातलं ठाणं, दमट हवा, खोलीत एसी नाही. त्यातून आमची खिडकी घोडबंदर रोडकडे उघडते आणि मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून ती धूळ घरात कुठे नसते ते विचारा.

नौपाड्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी मागचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं. पंख्याच्या आतल्या बाजूला, तांब्याच्या नळीच्या टोकाशी असलेल्या बारीक पत्र्यांवर धूळ घोंगडीसारखी बसली होती. काका म्हणाले, “पंख्यात काही दोष नाही बाळा. हवा बाहेर जायला वाटच नाहीये.” त्यांनी ती साफ केली, प्रोसेसरवरची वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) पुसून नवी लावली. हवेचा फवारा मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, तो जोरात फिरू द्यायचा नाही, हेही त्यांनी दाखवलं, कारण जोरात फिरला की त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. वॉरंटी चालू असेल तर हे काम कंपनीच्या सेंटरमध्येच करून घ्या. घरी आल्यावर मी लॅपटॉपच्या मागच्या पायांखाली बाटल्यांची दोन झाकणं ठेवली, म्हणजे खालून हवा ओढायला जागा होते. गादीवर ठेवून खेळणं बंद. या तीन गोष्टींनी तापमान इतकं उतरलं की थ्रॉटलिंगचा ‘हो’ फक्त लांबलचक खेळातच दिसायला लागला.

उष्णतेचा आणखी एक उपाय आहे, तो विचार करून वापरावा. या प्रोसेसरात सीपीयू (हिशेब करणारा भाग) आणि ग्राफिक्स दोघांना मिळून विजेचा एकच वाटा असतो. सीपीयू टर्बोवर, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगाने, धावला की तो वाटा जास्त खातो, उष्णता वाढवतो आणि ग्राफिक्सला कमी उरतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के केलं की टर्बो बंद होतो. काही लॅपटॉपवर ही ओळ लपलेली असते. जीटीएमध्ये माझी सरासरी जवळपास तेवढीच राहिली, पंखा शांत झाला आणि अर्ध्या तासानंतरही आकडा हलेना. व्हॅलोरंटमध्ये मात्र उलट झालं. तो गेम सीपीयूवर जास्त अवलंबून आहे, तिथे फ्रेम कमी झाल्या. म्हणून मी जीटीएपुरतं ९९ ठेवते आणि व्हॅलोरंटला परत १०० करते. व्हॅलोरंटमध्ये त्याऐवजी फ्रेमची मर्यादाच ७५ वर बांधली. आधी शंभरच्या वर उड्या मारून तापायचा आणि मग साठवर आपटायचा. आता एकसारखा चालतो, आणि नेम एकसारख्या खेळातच बसतो.

सेटिंग्जबद्दल फार लिहीत नाही, कारण इथे एक-दोनच गोष्टी खऱ्या कामाच्या आहेत. रिझोल्यूशन ही सगळ्यात मोठी. १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके, १६०० बाय ९०० म्हणजे चौदा लाख चाळीस हजार. काम तीस टक्क्यांनी घटतं आणि १५.६ इंची पडद्यावर मला तो फरक सहन होतो. १२८० बाय ७२० वर निम्म्याहून जास्त काम वाचतं, पण लांबची माणसं धूसर होतात. त्यानंतर सावल्या, एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सोय) आणि जीटीएतलं गवत. गवत कमी केल्यावर शहराबाहेरच्या भागात एवढा फरक पडला की मी चाचणी पुन्हा चालवून खात्री केली. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) मात्र ‘नॉर्मल’वर ठेवलं, रॅम वाढल्यावर ते परवडतं. इंटेलच्या साइटवरून ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) घेतला, विंडोजच्या गेम बारचं मागे चालणारं रेकॉर्डिंग बंद केलं, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ केला, आणि चार्जर लावल्याशिवाय खेळत नाही. बॅटरीवर लॅपटॉप स्वतःहून वेग आवरतो.

काही गोष्टी मी मुद्दाम केल्या नाहीत. ‘रॅम क्लीनर’ आणि ‘गेम बूस्टर’ घेतले नाहीत. रिकामी रॅम फ्रेम देत नाही. कुणीतरी कापून-छाटून हलकं केलेलं विंडोजही नको. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, तिथे असल्या छाटलेल्या विंडोजने घोळ होतो. ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही विंडोजची सुरक्षेची सोय बंद केली तर गेमला थोडा वेग मिळू शकतो, हे मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये सांगितलं आहे. पण याच लॅपटॉपवर बाबा नेट बँकिंग करतात. चार-दोन फ्रेमसाठी ते दार मी उघडं टाकणार नाही, आणि कुणी टाकू नये असंच मला वाटतं.

मावसभावाची तक्रार वेगळी निघाली. त्याचा एफपीएसचा आकडा स्थिर असायचा, तरी गोळी लागायला उशीर. तो पिंगचा, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा, प्रश्न होता. त्याच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी राउटर आणि हा वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या गर्दीच्या पट्ट्यावर. राउटरपासून टेबलापर्यंत लॅनची वायर टाकली आणि मिटलं. रॅम घेऊन काहीही झालं नसतं.

आज माझ्याकडे व्हॅलोरंट ७५ वर बांधलेला आहे आणि जीटीए १६०० बाय ९०० वर पन्नाशीच्या पुढे चालतो. सायबरपंक २०७७ नाही चालणार. त्याची किमान गरजच ६ जीबीवालं जीटीएक्स १०६० कार्ड आहे आणि ते काम कोणत्याही सेटिंगने होत नाही. त्यासाठी वेगळी पुंजी साठवतेय. तोवर कळव्याच्या मैत्रिणीचा लॅपटॉप बघायचा आहे. तिच्या टास्क मॅनेजरचा फोटो तिने कालच पाठवला: ‘२ पैकी १’.