आभाळ मोकळं होतं, तरी डिश बसवली नाही

मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या दक्षिणेला असलेल्या एका पाड्यावरून फोन आला तो डिश बसवून देता का, हे विचारायला. २०२५ ची दिवाळी नुकतीच झाली होती. घरातल्या सूनबाईंना ऐरोलीतल्या कंपनीचं काम घरून करायचं होतं. पाड्यापर्यंत तार पोचलेली नाही. फायबर कल्याण–अहिल्यानगर महामार्गाच्या कडेने येते आणि बाजारपेठेत थांबते. घरात मोबाइलची जेमतेम एक कांडी. कुणीतरी त्यांना सॅटेलाइट इंटरनेटचं कोटेशन देऊन ठेवलं होतं: १० एमबीपीएसचा प्लॅन, ठरावीक डेटा, वर्षाचे पैसे आगाऊ. सही तेवढी बाकी होती.

अशा कामाला आम्ही नुसती डिश घेऊन जात नाही. कंपास, कोनमापक, सहा मीटरचा सरकता खांब, सिमवर चालणारा बाहेरचा ४जी राउटर, ५ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओंची जोडी आणि हे सगळं चालवायला बॅटरी, एवढं गाडीत असतंच. घरात काय लागतं ते आधी विचारायचं आणि मग मोजायचं. इथे लागत होतं: दिवसाला तीनेक तास व्हिडिओ मीटिंग, ऑफिसच्या सर्व्हरवर व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसपर्यंतच्या कुलूपबंद मार्गाने, काम, आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास. मीटिंगचे धरून महिन्याला दीडशे जीबी सहज.

पहिल्यांदा आभाळ पाहिलं. जीसॅट-११ हा इस्रोचा इंटरनेट सेवेचा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि मुरबाडही जवळजवळ त्याच रेखांशावर. त्यामुळे दिशा १७८ अंश, म्हणजे अगदी दक्षिण, आणि उंची क्षितिजापासून ६७ अंश. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक असल्याने कंपासवर भागतं. सह्याद्रीची भिंत कितीही जवळ वाटली तरी ६७ अंशांवर ती आड येत नाही. आड येतात ती अंगणातली झाडं. इथे तीही नव्हती. डिश बसवायची म्हटली असती तर दुपारपर्यंत सिग्नल मिळाला असता. कोटेशन देणाऱ्यानेही बहुधा एवढंच पाहिलं असावं.

अडचण आभाळात नव्हती, अंतरात होती. आभाळात एकाच जागी स्थिर दिसणारे हे उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. मागणी वर जाऊन खाली येते, उत्तरही वर जाऊन खाली येतं; नुसत्या प्रकाशवेगानेच यात अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो. बाकीची यंत्रणा धरून ६०० मिलिसेकंद किंवा जास्त. साधं ब्राउझिंग किंवा व्हिडिओ पाहणं चालतं, कारण उपग्रहाचा मोडेम संगणकाला ‘मिळालं, पुढचं पाठव’ अशी पोच स्वतःच देऊन वेग राखतो. व्हीपीएन लावला की सगळा मजकूर कुलूपबंद होतो. मोडेमला आतलं काही दिसत नाही आणि त्याची ही युक्ती बंद पडते. पोच यायच्या आधी एका वेळी ६४ केबीच पाठवायची असं धरलं, तर ६०० मिलिसेकंदांच्या फेरीला एका जोडणीला सेकंदाला एक मेगाबिटही मिळत नाही. प्लॅन १० चा असो की ५० चा.

हे बोलून पटत नाही, दाखवावं लागतं. आमच्या चाचणी राउटरमध्ये मुद्दाम उशीर घालता येतो. ताईंनी त्यांचा ऑफिसचा लॅपटॉप जोडला, व्हीपीएन लावला आणि आम्ही साडेपाचशे मिलिसेकंदांची भर टाकली. सर्व्हरवर टाइप केलेलं अक्षर अर्ध्या सेकंदाहून उशिरा उमटायला लागलं, फाइल उघडता उघडेना. ताईंनी लॅपटॉप मिटला आणि सासऱ्यांना म्हणाल्या, “बाबा, सही नको करूया.”

त्या प्रकारची सेवा वाईट आहे असं अजिबात नाही. जिथे दुसरं काहीच पोचत नाही, तिथली बँकेची शाखा, एटीएम, पेट्रोलपंप, शाळा तिच्यावरच चालतात. घरात फक्त मेसेज, बातम्या आणि व्हिडिओ पाहायचे असतील तरी ती चालेल. मात्र ही सेवा ज्या पट्ट्यावर चालते त्या केयू बँडचा सिग्नल मुसळधार पावसात क्षीण होतो आणि आपल्याकडे पाऊस कसा पडतो हे कोकणच्या माणसाला सांगायला नको. ऐन जुलैमध्ये दिवसातून काही वेळा जोडणी जाणार, हे गृहीत धरूनच ती घ्यावी.

काकांचा, म्हणजे ताईंच्या सासऱ्यांचा, पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग ते स्टारलिंक? अमेरिकेहून भाचा डिश आणून देईल म्हणतो. तसं करू नका, हे आम्ही प्रत्येक घरी स्पष्ट सांगतो. तिथे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास असतात, उशीर २५ ते ६० मिलिसेकंद, म्हणजे ताईंच्या कामाला अगदी योग्य. पण जून २०२५ मध्ये मिळालेला दूरसंचार खात्याचा परवाना आणि जुलैमधली इन-स्पेसची, म्हणजे अंतराळ क्षेत्राला परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता म्हणजे घराघरांत सेवा सुरू झाली असं नव्हे. स्पेक्ट्रम, सुरक्षेच्या चाचण्या, जमिनीवरची केंद्रं हे त्यानंतरचं काम. परदेशातून आणलेली डिश इथे लावणं बेकायदा आहे. दरांचंही तसंच. डिसेंबर २०२५ मध्ये संकेतस्थळावर महिना ८,६०० रुपये आणि उपकरण ३४,००० असे आकडे झळकले, ते चाचणीचे होते असं कंपनीनेच सांगितलं. असल्या आकड्यांवर घराचं बजेट बांधू नये. आणि या डिशला एका बिंदूऐवजी जवळजवळ सगळं आभाळ मोकळं लागतं, शिवाय साधारण ७५ ते १०० वॅट सतत वीज लागते, हेही आधीच धरून चालावं.

मग जमिनीकडे वळलो. घराच्या कौलांवर ४जीची पातळी −११४ डीबीएम (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार), गोंगाटाशी गुणोत्तर १, आणि तेही ८५० मेगाहर्ट्‌झच्या अरुंद पट्ट्यावर. हा पट्टा लांब पोचतो, पण वेग देत नाही. खांब सहा मीटर वर नेला तरी फारसा फरक नाही, कारण पुढ्यात टेकाड.

ताईंना सहज विचारलं, आत्तापर्यंत मीटिंगला काय करायचात? त्या म्हणाल्या, माळाच्या टोकाला आंब्याखाली जाऊन बसते, तिथे लागतं. त्या एका वाक्याने दिवसाचं काम फिरलं. घरातली माणसं जिथे फोन घेऊन जाऊन उभी राहतात, ती जागा सर्वेक्षणात पहिली पाहावी. महिनोन् महिने त्यांनी मोजणीच केलेली असते. आंबा घरापासून साठ मीटरवर, आणि तिथून दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीतून थेट बाजारपेठेची छपरं दिसत होती. तिथे १८०० मेगाहर्ट्‌झवर −९७, गुणोत्तर ११. दुपारी १५ एमबीपीएस मिळाले. उशिराची चाचणी लॅपटॉपवर आम्ही केली ती याच जागी. संध्याकाळी सगळे घरी आले की हाच वेग पार खाली येतो, म्हणून मुख्य जोडणी म्हणून ४जी नको, राखीव म्हणून ठीक.

पण छपरं दिसतात म्हणजे रेडिओ लागतो. बाजारपेठेतल्या केबलवाल्या दादांकडे परवानाधारक कंपनीचं फायबर आहे आणि छतावर बारा मीटरचा टॉवर. त्यांच्या टॉवरवर एक रेडिओ, माळावर दुसरा, आणि जोडणी त्यांचीच, ताईंच्या नावाने. नातेवाइकाच्या घरचं वायफाय परस्पर वाटून घेण्यापेक्षा हे नियमात बसतं आणि बिघडलं तर जबाबदार माणूस असतो. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ऑक्टोबर २०१८ पासून भारतात ३६ डीबीएम शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो.

नकाशावर अंतर २.३ किलोमीटर. वाटेतली तूट सुमारे ११५ डेसिबल, पलीकडे सिग्नल २३ डेसिबलने वाढवणारा (२३ डीबीआयचा) अँटेना. कागदावर −५६ यायला हवे होते. सरकत्या खांबावर आले −६१. चाललं असतं, वेगही शंभराचा निघत होता. तरी ते पाच डेसिबल कुठे गेले हे शोधल्याशिवाय आम्ही खांब गाडत नाही.

ते गेले होते सागात. माळापासून चारशे मीटरवर सागाचा एक पट्टा, रेडिओची रेषा त्याच्या शेंड्यांवरून जेमतेम दोन मीटरने जात होती. या अंतरावर रेषेभोवती चार मीटरची जागा लागते, तिच्यातली निदान साठ टक्के, म्हणजे अडीच मीटर, मोकळी हवीच. इकडचे कित्येक दुवे पावसाळ्यात पडतात ते यामुळे. सर्वेक्षण एप्रिलमध्ये होतं, साग तेव्हा निष्पर्ण, पलीकडचं सगळं दिसतं. जुलैत सुपाएवढी ओली पानं आड येतात आणि लोक म्हणतात पावसाने गेलं. ५.८ गिगाहर्ट्‌झला एवढ्या अंतरात मुसळधार पाऊसही दोन-तीन डेसिबलपलीकडे खात नाही. ओली पानं मात्र सगळा दुवा खातात. खांब नऊ मीटरचा केला, तेव्हा सागावर साडेचार मीटर मिळाले आणि आकडा −५७ वर आला. साग वाढतो, दर दिवाळीनंतर हा आकडा पाहून लिहून ठेवायला ताईंना सांगितलं.

नऊ मीटरच्या जीआय खांबाला तीन फूट काँक्रीट आणि १२० अंशांवर तीन तणावाच्या तारा. घरापर्यंत साठ मीटर कॅट-६ (इंटरनेटची केबल), बांधाच्या कडेने दीड फूट खोल एचडीपीई पाइपातून, नाहीतर घुशी कुरतडतात. केबल शुद्ध तांब्याचीच घ्यावी. दुकानात स्वस्त मिळते तिच्यात ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ब्लेडने खरवडलं की आत पांढरी दिसते. रेडिओला वीजही याच केबलमधून जाते; लांबवर नेताना स्वस्त केबलीत व्होल्ट पडतात आणि रेडिओ रात्री-अपरात्री रीस्टार्ट होतो. खांबाला स्वतंत्र अर्थिंग, आणि केबल घरात शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर. मे-जूनच्या वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या विजा माळावरच्या उंच खांबाला सोडत नाहीत.

सगळा खर्च २६,००० च्या आसपास गेला, त्यात निम्मा रेडिओंचा. महिन्याला ५९९ अधिक जीएसटी, म्हणजे ७०७ रुपये, शंभर एमबीपीएस. उशीर नऊ मिलिसेकंद. रेडिओ आणि राउटर मिळून वीस वॅटही खात नाहीत, त्यामुळे घरातल्या १५० एएचच्या बॅटरीवर फक्त एवढंच चालवलं तर लाइट नसताना दोन दिवस निघतात. बाजारपेठेतला टॉवर तेवढा टिकेल याची खात्री नसते, म्हणून ४जी राउटर त्याच खांबावर खाली बसवला आणि मुख्य जोडणी गेली की आपोआप त्याच्यावर जाईल असं लावलं. त्यातलं सिम रोजच्या डेटाचं न घेता वर्षभराच्या एकत्रित डेटाचं घ्यायला सांगितलं. राखीव जोडणी महिन्यातून दोन-तीन दिवसच लागते, पण लागते त्या दिवशी दोन जीबी दुपारीच संपतात.