साक्षीदार फितूर निघाला (क्ले-मापक, नोंद ७)

खोका पडताना आतल्या वस्तूला किती धक्का बसतो हे मऊ क्लेमध्ये (खेळण्यातल्या मातीत) उमटलेल्या खळग्यावरून मोजायचं, हा माझा उद्योग. त्या मापकाला मी 'साक्षीदार' म्हणते. आधी महत्त्वाचं. नोंद ५ मधला 'खळग्याचा व्यास ते बल' तक्ता कोणी छापून भिंतीवर लावला असेल तर काढून टाका. तो चुकलाय, आणि थोडाथोडका नाही, जवळजवळ अडीच पटीने. गेले तीन आठवडे मी याच एका गोष्टीत अडकले होते, त्यामुळे या वेळी बाकी प्रगती नावापुरतीच.

साक्षीदाराची रचना तीच आहे: पीव्हीसी पाइपचा तुकडा, तळाला क्लेची वडी, तिच्यावर २५.४ मिमीची पोलादी गोळी आणि गोळीवर अर्धा किलोचं सरकतं वजन. हे सगळं खोक्यात बसवून खोका पाडायचा. आदळताना वजन गोळीला क्लेमध्ये दाबतं आणि खळगा मागे राहतो. तोफेच्या नळीतला दाब मोजायला तांब्याचे छोटे दंडगोल चेपवत असत, त्याच जातीची युक्ती. वीज नाही, सेन्सर नाही, म्हणून मला ती आवडते.

मागच्या नोंदीत चुरगळलेल्या कागदाच्या थरावर खोका एक मीटरवरून पाडला होता. खळगा १७ मिमी, तक्त्यानुसार कमाल १४ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या १४ पट). खोक्यातल्या फोनचा आलेख मात्र १६ जीला सपाट कापला गेला होता. सेन्सरची मर्यादाच तिथे संपते. तेव्हा मी फोनला नावं ठेवली होती, 'फोन भिंतीवर घासला असेल' वगैरे. ते शब्द मागे घेते. फोन बिचारा खरंच बोलत होता, त्याला फक्त पुढचं बोलता येत नव्हतं.

शंका आली ती एका फालतू हिशोबातून. त्या कागदाच्या थरात खोका सहा सेंटिमीटरमध्ये थांबला होता. सरासरी मंदन काढायला काही लागत नाही, पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर: १०० भागिले ६, म्हणजे जवळपास १७ जी. सरासरी १७ आणि कमाल १४! वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाचे गुण वर्गाच्या सरासरीपेक्षा कमी, असं म्हणण्यासारखं झालं.

मग खोका, कागद, पाइप सगळं बाजूला ठेवलं आणि नुसती गोळी क्लेवर पाडली. गोळी जुन्या बेअरिंगमधली आहे. पोलादाची घनता धरून तिचं वजन ६७ ग्रॅमच्या किंचित वर यायला हवं आणि तेवढंच भरतं, म्हणून तिच्यावर विश्वास. (एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेल्या 'पोलादी' गोळ्या वजनात आठ-नऊ ग्रॅमने कमी भरल्या. आतून काय आहेत देव जाणे.) अर्ध्या मीटरवरून पाडली की खळगा १७.५ मिमी व्यासाचा पडतो, म्हणजे ३.५ मिमी खोल. ऊर्जा ०.३३ ज्यूल, अंतर ३.५ मिमी, सरासरी बल ९४ न्यूटन. आणि माझा तक्ता त्याच खळग्याला कमाल बल देतो ७२ न्यूटन. म्हणजे तोच घोळ, फक्त आता पळवाट नाही. मध्ये कागद नाही, फोन नाही, लपायला जागाच नाही.

साहजिकच आधी स्वतःवरच संशय घेतला. खळग्याची कड वर उचललेली असते. कॅलिपरचा जबडा त्या उचललेल्या ओठावर टेकतो की मूळ पातळीवर, याने व्यास बदलतो. म्हणून कड ब्लेडने सपाट छाटून पुन्हा मोजलं. फरक पाव मिलिमीटर. जाता जाता, असल्या कामाला डिजिटल कॅलिपरपेक्षा साधा प्लास्टिकचा व्हर्नियर बरा. तो क्लेत रुतत नाही आणि मोजायला बसलं की सेल संपलाय असं होत नाही. मग वडीच्या जाडीवर संशय. १२ मिमीची वडी, खाली फरशी, फरशीचा आधार लागत असेल. ४० मिमीची वडी केली, फरक नगण्य. मग हात. सोडताना गोळीला धक्का बसतोय का? म्हणून गोळी चुंबकाने पट्टीखाली धरली आणि चुंबक वर ओढून सोडली. तरी तेच.

एका संध्याकाळी उलटा हिशोब केला: तक्ता खरा ठरायचा तर गोळी किती उंचीवरून पडायला हवी होती? उत्तर आलं २० सेंटिमीटर. मी ५० वरून पाडत होते. एवढी चूक हाताने होत नाही, कॅलिपरने तर नाहीच नाही. मोठं खोटं कुठेतरी दुसरीकडे होतं.

तक्ता कसा केला होता आठवतंय ना? गोळी क्लेवर, गोळीवर फळी, फळीवर पाण्याचा कॅन, सगळं मिळून ५ किलो म्हणजे ४९ न्यूटन. एक मिनिट थांबायचं, उचलायचं, खळगा मोजायचा: १४.४ मिमी. वेगवेगळी वजनं ठेवून असे आठ बिंदू काढले होते आणि त्यांची सुंदर सरळ रेषा आली होती. त्या रेषेचं मला केवढं कौतुक होतं!

परवा हीच मांडणी पुन्हा केली. कॅन ठेवला आणि आतून लेकीने हाक मारली. परत आले तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. सवयीने मोजलं: १६.४. वजन तेच, गोळी तीच, क्ले तोच आणि खळगा दोन मिलिमीटरने मोठा. कॅन हातात धरून मी तशीच उभी. मी तक्ता वजनाचा समजत होते, तो निम्मा घड्याळाचा होता!

रात्री बसून नीट मोजमापं घेतली. कॅन पाच सेकंद ठेवला तर १२.९, एक मिनिट १४.४, दहा मिनिटं १५.९. वेळ दसपट केला की व्यास साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे क्षेत्रफळ वीस-बावीस टक्क्यांनी. क्ले हळू दाबला तर सरकत राहतो, पटकन दाबला तर अडून बसतो. आणि गोळी आदळताना क्लेला किती वेळ मिळतो? तीन मीटर प्रति सेकंद वेगाने येऊन ३.५ मिमीत थांबायचं, म्हणजे दोन मिलिसेकंदांच्या आत खेळ खलास. एक मिनिट विरुद्ध दोन मिलिसेकंद, तीस हजार पट. साडेचार दशकं (इथे दशक म्हणजे वेळेतली दसपट, वर्षं नव्हेत). दर दशकाला १.२२ असं धरून गुणत गेलं की अडीच पट येते आणि ७२ न्यूटनचे होतात १७५.

ऊर्जेवरून (ऊर्जा भागिले खळग्याचं घनफळ, गुणिले त्याचं क्षेत्रफळ) काढलेलं कमाल बल आलं १७८. इतकं जुळलं की मलाच बरं वाटेना. दोन दशकांच्या मोजमापावरून साडेचार दशकं पुढे उडी मारणं म्हणजे अंगण बघून गाव सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी हवा गार होती, पुन्हा केलं तर आकडे १७० आणि १९५ आले. हे खरं वाटलं.

तेव्हा निर्णय असा की स्थिर वजनांचा तक्ता रद्द आणि अंशांकन (खळगा आणि बल यांची सांगड) गोळी पाडूनच करायचं. हा काही माझा शोध नाही. बुलेटप्रूफ जॅकेट तपासताना मागे क्लेचा ठोकळा ठेवतात. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) ०१०१.०६ मानकात त्या खळग्याच्या खोलीची मर्यादा ४४ मिमी आहे, आणि क्ले योग्य आहे की नाही हे ते वजन ठेवून नाही, तर साधारण एक किलोचा पोलादी गोळा दोन मीटरवरून टाकून ठरवतात. खळग्याची खोली १९ मिमीच्या आसपास आली तरच क्ले पास. हे मी वर्षापूर्वी वाचलं होतं. वाचून पुढे गेले, 'ते असं का करतात' हे विचारलं नाही.

मग रविवारी गोळी १० सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत पाडली, प्रत्येक उंचीला पाच वेळा. व्यास २५ सेंमीला १५.०, ५० ला १७.५, १०० ला २०.३. नुसत्या व्यासाचा आलेख वाकडा येतो. व्यासावरून खळग्याचं घनफळ काढलं आणि ऊर्जेसमोर मांडलं की रेष सरळ. १७२२ च्या सुमारास डच शास्त्रज्ञ स'ग्राव्हेसांडने पितळी गोळ्या मऊ मातीत टाकून हेच पाहिलं होतं: वेग दुप्पट, खळगा चौपट. फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातलेने पुढे त्यावरूनच वाद घातला की हिशोब वेगाच्या वर्गाचा हवा. तीनशे वर्षांनी तीच रेष माझ्या वहीच्या चौकटींवर उमटली तेव्हा मी चहा गार होऊ दिला.

त्या रेषेचा चढ म्हणजे क्लेचा 'झटपट कडकपणा': माझ्या क्लेसाठी ०.७४ मेगापास्कल. एक मिनिटाच्या स्थिर दाबाला हाच आकडा ०.३० येत होता. आता खळग्याचं क्षेत्रफळ गुणिले ०.७४ म्हणजे कमाल बल. खोक्याच्या प्रयोगात धक्का वीसेक मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे एक दशक हळू, म्हणून तिथे ०.६१ घेते. त्या हिशोबाने चुरगळलेल्या कागदाचे १४ जी झाले २८. सरासरी १७, कमाल २८. आता कसं माणसासारखं! स्पंजची पातळ गादी तळाला टेकते, तिथे ४५ जी.

एक इशारा मात्र हवा. साक्षीदाराला स्वतःला प्रतिसाद द्यायला पाचेक मिलिसेकंद लागतात. कठीण फरशीवर खोका आदळला की धक्का त्याहून लवकर संपतो. तेव्हा खळगा जी मोजत नाही, वेगातला बदल मोजतो. त्यामुळे नोंद ४ मधले फरशीचे सगळे आकडे कचऱ्यात. तिथे वजन कमी करून बघणार होते, पण लिहिता लिहिता वाटतंय की क्ले सोडूनच द्यावा. रबरी चेंडू आणि कार्बन पेपर! चेंडू आपटला की कार्बनचा गोल उमटतो. मग तोच चेंडू वजनकाट्यावर कागदासकट हाताने दाबायचा, तेवढाच गोल उमटेपर्यंत, आणि काट्यावरचा आकडा वाचायचा. रबरही वेळेनुसार बदलतं, पण क्लेइतकं निर्लज्ज नसावं. आणि चेंडूला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून ती संगणकाच्या साउंड कार्डला स्विचसारखी जोडली तर स्पर्शाचा वेळ ध्वनिमुद्रणातून मिळेल. ४८,००० नमुने सेकंदाला, म्हणजे एकवीस मायक्रोसेकंदांची पट्टी फुकटात. साउंड कार्ड स्थिर विद्युतदाब धरून ठेवत नाही, त्यामुळे स्पर्श होताना एक टोक आणि सुटताना उलटं टोक दिसेल. मला तेवढंच हवंय.

क्लेबद्दल शेवटचं. तेलकट प्रकारचाच घ्या, वाळणारा नको. आणि एका डब्यातले रंग मिसळू नका. माझ्या डब्यातला लाल हिरव्यापेक्षा स्पष्टपणे मऊ आहे, एकाच उंचीला व्यास मिलिमीटरभर जास्त येतो. तासभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या हिरव्याचा खळगा १७.५ वरून १५.६ वर आला, म्हणून आता प्रत्येक सत्राआधी ५० सेंमीवरून तीन गोळ्या पाडून त्या दिवसाचा कडकपणा काढते आणि वहीत तारखेशेजारी लिहिते. लाल क्ले लेकीने परत नेला. त्याचा आता हत्ती झालाय, पाठीवर एक नीटस गोल खळगा असलेला.