हा फोटो कोणी काढला?

सोमवारी भर वर्गात माझी फजिती झाली, आणि तीही पाण्यावरून. लातूरच्या पोरीची, पाण्यावरून!

मी अमेरिकेतल्या आयोवात आले ती शेतीतली माहिती लोकांपर्यंत कशी पोचवायची हे शिकायला. चहूकडं सोयाबीन आणि मका, त्यामुळं थंडी पडेपर्यंत गाव सोडल्यासारखं वाटलंच नव्हतं. या सत्रात एक विषय सक्तीचा आहे, मल्टिमोडल कंपोझिशन. बाबांना फोनवर समजावून सांगितलं की नुसता निबंध लिहायचा नसतो. फोटो, आवाज, नकाशा, पानाची मांडणी या सगळ्यांना मिळून एक म्हणणं मांडायचं असतं. बाबा म्हणाले, "म्हणजे चिकटवही की." पुढं काही बोलले नाहीत, पण बँकेचा हप्ता त्यांच्या डोळ्यांपुढं आला असणार.

चिकटवही नाही हो. 1994 साली न्यू हॅम्पशायरमधल्या न्यू लंडन नावाच्या लहानशा गावात दहा अभ्यासक जमले होते. 1996 मध्ये त्यांचा लेख आला आणि तिथून हा विषय उभा राहिला. त्यांचं म्हणणं असं की अर्थ एकट्या शब्दांतून होत नाही. शब्द, चित्र, आवाज, हावभाव आणि जागेची मांडणी, पाचही कामाला लागतात, तर शाळेनं पाचही शिकवावेत. मॅडमनी हे सांगितलं (इथं सगळे त्यांना नावानं हाक मारतात, माझ्या तोंडातून ते काही निघत नाही) आणि माझा हात आपोआप वर गेला. म्हटलं, आमच्या अंबाजोगाईला चारशे वर्षांपूर्वी संतकवी दासोपंतांनी सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर ग्रंथ लिहून ठेवलाय, आकृत्यांसकट, त्याला पासोडी म्हणतात. वर्ग गप्प. छाती फुगली माझी. मग शेजारच्या मुलीनं अगदी साधेपणानं विचारलं, "एवढं लांब कापड वाचायचं कुठून? माणूस चालत चालत वाचतो का?" मला काय माहीत! सहावीत सहल गेली होती अंबाजोगाईला. मला आठवतो तो डब्यातला गूळ-शेंगदाण्याचा लाडू.

तर, फजिती. पहिल्या प्रकल्पाला मी पाण्याची रेल्वे घेतली. घरच्यांना नव्यानं काय सांगायचं! 2016 चा उन्हाळा, मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं 144 कलम लावलेलं, आणि 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी घेऊन आलेली गाडी. पुढं 50 वाघिणींची येऊ लागली. मी सातवीत होते. इथल्या पोरांना आकडे सांगितले तर विश्वास बसेना. एकानं विचारलं, 144 म्हणजे पाण्याच्या टाकीचा नंबर का.

प्रकल्पाच्या माथ्यावर मी एक झकास फोटो लावला होता. वळणावर उभी पांढऱ्या टाक्यांची लांबच लांब गाडी. आमच्या घरच्या ग्रुपवर बापूकाकांनी टाकला होता, "लातूरकरांनो, ते दिवस विसरू नका" असं लिहून. मी जपून ठेवला होता. सादरीकरण संपलं आणि मॅडमनी एवढंच विचारलं, "हा फोटो कोणी काढला?" मी म्हटलं, काकांनी पाठवला. "पाठवला कोणी ते नाही, काढला कोणी?" तेवढ्यात मागच्या बाकावरच्या पोरानं हा फोटो आधी कुठं आलाय ते इंटरनेटवर शोधायला टाकलाही होता. दोन मिनिटांत तोच फोटो 2011 च्या एका पानावर सापडला, कुठल्या तरी परदेशातल्या दुधाच्या गाडीचा. वर त्यानं भाबडेपणानं विचारलं, "एप्रिलमध्ये तुमच्याकडं डोंगर एवढे हिरवे असतात?"

हिरवे डोंगर. लातुरात. एप्रिलात. माझ्या डोळ्यांसमोर महिनाभर तो फोटो होता आणि मला हे दिसलं नाही.

मॅडमच्या त्या प्रश्नाचा मला इतका राग आला की काय सांगू. कोणी काढला, कधी काढला, कुठं काढला, कशासाठी काढला, परवानगी कोणाची, आणखी कोणी हेच सांगितलंय का. इथं पोरं जेवणाच्या ताटाचा फोटो पाहिला तरी हेच विचारतील. प्रत्येक चित्राखाली दिसत नसलेल्यांसाठी वर्णन लिहा, प्रत्येक आवाजाखाली ऐकू येत नसलेल्यांसाठी मजकूर द्या, वापरलेल्या प्रत्येक गोष्टीचा परवाना दाखवा. एका पानाच्या कामाला तीन संध्याकाळी जातात. आमच्याकडं तीन संध्याकाळीत फिजिक्सचे दोन प्रश्नसंच सुटायचे. लातूर पॅटर्नला नावं ठेवणाऱ्यांनी खुशाल ठेवावीत, पण पहाटे पाचला उठवून बसवायची सवय त्यानंच लावली, आणि इथल्या पोरांना सकाळी दहाचा तास जड जातो हे मी रोज बघते. मात्र एवढ्या प्रश्नसंचांत "हा प्रश्न कोणी काढला" असा प्रश्न कधी आला नव्हता, हेही खरं. पेपर कोण काढतं याची चर्चा व्हायची, पण ती वेगळ्या कारणासाठी.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी स्टॅनफर्डमधला एक अभ्यास सांगितला. 2017 साली तिथल्या संशोधकांनी 45 जणांना वेबसाइटी तपासायला दिल्या: 10 इतिहासाचे पीएचडीवाले, 10 व्यवसायानं तथ्य तपासणारे आणि 25 त्याच विद्यापीठातले विद्यार्थी. पीएचडीवाले आणि विद्यार्थी पान वरून खाली नीट वाचत बसले आणि देखण्या मांडणीला फसले. तपासनीस पान जवळजवळ न वाचताच बाहेर पडले, शेजारी दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या लोकांबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघून परत आले. याला म्हणतात आडवं वाचणं. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की इतिहासाचे डॉक्टर फसतात, तर आमच्या बापूकाकांचं काय चुकलं.

तरी त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलंच: "काका, हा फोटो आपल्या रेल्वेचा नाही." पुरावा पण जोडला. चौदा जणांनी वाचलं, उत्तर एकाचंही नाही. मग आत्यानं हात जोडलेला गणपती टाकला. तासाभरात आईचा फोन. "चारचौघांत बोलायची काय गरज होती? काकांना वेगळं सांगता आलं नसतं? पंचवीस माणसं बघायलेत ग्रुपवर. लई शहाणी झालीस का तिकडं जाऊन?" मी म्हटलं, आई, फोटो खोटा होता. आई म्हणाली, "पाणी तर खरं होतं की."

हेच वाक्य मी स्वतः वर्गात म्हटलं होतं. फोटो चुकला असेल, गोष्ट तर खरी आहे. आईच्या तोंडून ऐकलं आणि मला राईनपाडा आठवलं. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून मंगळवेढ्याकडच्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेच्या जाहिरातीतला होता. शेवटी मूल परत सोडतात आणि फलक दाखवतात, तेवढाच तुकडा कोणी तरी कापून टाकला होता. कापणं ही पण रचनाच. तेव्हाही लोक म्हणालेच असतील, व्हिडिओ कुठला का असेना, पोरं पळवतात हे तर खरं की. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपनं आणली. आईला हे काही बोलले नाही. माझ्याकडं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

काम दुरुस्त करायला दहा दिवस मिळाले. आमचा एकही फोटो नव्हता. आईला विचारलं तर म्हणाली, "दोन्ही हातांत घागरी, फोटो कशानं काढू?" म्हणून मी आवाजाकडं वळले. आईला सांगितलं, हंडा भरतानाचा आवाज पाठव. तिनं तीन पाठवले. एकात शेजारच्या काकूंशी गप्पा, एकात कुकरची शिट्टी, तिसरा नेमका. ऐकताच माझ्या पोटात कालवलं. हंडा रिकामा असतो तेव्हा आवाज जाडा येतो, पाणी चढेल तसा बारीक होत जातो, आणि अगदी काठाला आलं की शिट्टी वाजवल्यासारखा. त्या उन्हाळ्यात टँकर रात्री यायचा, गल्लीत लाइट नसायची, आणि आई कानानं हंडा भरायची. एक थेंब खाली सांडायचा नाही.

नियमाप्रमाणं आवाजाखाली मजकूर हवा. मी लिहिलं, "पाण्याचा आवाज." मॅडमनी परत पाठवलं: कुठलं पाणी? नदी, पाऊस, नळ? पुन्हा चिडले. पुन्हा लिहिलं, "हंड्यात पाइपनं पडणारं पाणी: जाड आवाज, बारीक, आणखी बारीक, एकदम बंद." आमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यानं पडद्यावर हे वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि हातानंच विचारलं, भरला? मी मान हलवली. एवढंच. पण त्या तीन संध्याकाळींचा माझा हिशेब तिथं मिटला, तीन नाही तर दोन तरी.

फोटो शेवटी मिळाला. ग्रुपवर विचारायची सोय नव्हती, म्हणून आईकरवी विचारलं. मे 2016, चुलतबहिणीचं बारसं. पाळण्याभोवती बायका, फुगे, मधोमध लाजलेली काकू. आणि डाव्या कोपऱ्यात, दाराशी, निळे बॅरल चार, एकावर विटेनं दाबलेलं प्लॅस्टिक, आणि एक परकरातली पोरगी बॅरलवर हात ठेवून राखण करायलीय. ती मी. वर्णनात मी बॅरल आधी लिहिले, बाळ शेवटी.

मॅडमनी विचारलं, हा कोणी काढला? म्हटलं, बापूकाकांनी, त्यांच्याच फोननं, आमच्या ओसरीत. परवानगीही मागितली होती, रीतसर. काकांचं उत्तर ग्रुपवरच आलं, सगळ्या पंचवीस जणांसमोर: "वापर. आणि मॅडमला विचार, हा तरी खरा आहे का."