नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात काय लिहू?

कोल्हापुरात आम्ही काही प्रोग्रामर महिन्यातून दोन रविवारी एकत्र बसून अभ्यास करतो. माणसं कशी जमवली, असं सगळे विचारतात. ते अजिबात अवघड गेलं नाही. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत रिजेक्शनचा, म्हणजे खराब निघालेल्या मालाचा, हिशेब एक्सेलमधून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत आणू पाहणारा एक जण होता, पुण्याच्या कंपन्यांचं काम घरून करणाऱ्या आम्ही दोघी-तिघी होतो, आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं होती. पुण्यात अशा बैठका चालतात, पण दोन तासांच्या चर्चेसाठी सव्वादोनशे किलोमीटर जाऊन रात्री परत यायचं, हे एखाद्या वेळी जमतं. व्हॉट्सॲपवर ग्रुप केला, माणसं आली.

घोडं अडलं ते जागेवर.

कॅफेत बसून पाहिलं. दहा माणसांना दोन प्लग, आणि दर थोड्या वेळाने ‘अजून काही?’ म्हणून उभा राहणारा वेटर. कुणाच्या घरी म्हणावं, तर अनोळखी घरात मुलीला पाठवायला आईवडील तयार होत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून शहरातल्या एका सभागृहाच्या कार्यालयात गेले. वरच्या मजल्यावर छोटी खोली, रविवारी सकाळी रिकामी, भाडं वाटून घेण्याजोगं. फॉर्म एका पानाचा. नाव, पत्ता, दिनांक, कार्यक्रमाचे स्वरूप आणि त्याखाली ‘आयोजक संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक’. मी तिथे रेघ मारली.

लिपिकाने फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. “मॅडम, हा रकाना राहिला.”

“आमची संस्था नाही. दहाजण मिळून अभ्यास करतो.”

“मग वैयक्तिक बुकिंग करा.”

“चालेल की.”

“पण वैयक्तिकमध्ये घरगुती कार्यक्रमच बसतो. बारसं, वाढदिवस, साखरपुडा.”

“आणि अभ्यास?”

“तो क्लास झाला. क्लासला व्यावसायिक दर लागतो, आणि दुकान परवाना जोडायचा.”

“आम्ही कुणाकडून फी घेत नाही हो.”

“फी नाही तर क्लास कसला?” असं म्हणून त्यांनी मला साहेबांकडे पाठवलं. साहेब मीटिंगला. पुढच्या वेळीही मीटिंगलाच. भेटले तेव्हा फार गोड बोलले, चहा मागवला, उपक्रम किती स्तुत्य आहे ते सांगितलं आणि म्हणाले, “एखाद्या कॉलेजचं पत्र आणा, मी लगेच सही करतो.”

पोरांनी आपापल्या कॉलेजात विचारलं. एका ठिकाणी सांगितलं, पत्र देऊ, पण बॅनर आमचा आणि येणारे फक्त आमचे विद्यार्थी. मग फाउंड्रीवाल्याने काय करायचं? मी माझ्या कंपनीकडे मेल टाकला. तो एचआरकडून कायदा विभागाकडे गेला आणि तिथेच बसला.

एवढं होईपर्यंत ज्याला त्याला सल्ला सुचायला लागला. सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे “संस्थाच काढा की!” काढायची तर 1860च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात. आपल्या राज्यात त्याच्यावर 1950च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद आली, म्हणजे धर्मादाय कार्यालय आलं. घटना लिहा, दरवर्षी हिशेब तपासून घ्या, आणि कार्यकारिणीतला एक जण नोकरीसाठी बेंगळुरूला गेला की त्या बदलाची नोंद करायला चेंज रिपोर्ट भरा. आमच्या वयाच्या लोकांत दर सहा महिन्यांनी कुणीतरी बेंगळुरूला जातंच! पायथॉनमधली डिक्शनरी (माहिती जोड्यांनी साठवायची रचना) समजून घ्यायला आम्हाला अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार नेमायचे होते.

दुसरा सल्ला पोरांचा: “ताई, वाढदिवस म्हणून लिहू. केक पण आणू.” महिन्यातून दोनदा, लॅपटॉपसकट वाढदिवस. मी नाही म्हटलं, कारण कुणी बघायला आलं तर अनामत माझी जाणार होती.

चीड येते ती याची, की एका रविवारी मी मुद्दाम तिथून गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं. आतल्या खुर्च्यांवर त्या दिवशी कुणीच बसणार नव्हतं. माझं ऐकाल तर दहा-पंधरा जणांच्या बैठकीसाठी सभागृहाच्या नादीच लागू नका.

वाचनालयात जा. आमच्या पेठेतल्या वाचनालयाचे बाबा जुने सभासद. तिथल्या कार्यवाहांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, “अगं, मग आमच्या नावानं कर की. आम्हालाही वार्षिक अहवालात उपक्रम दाखवायचेच असतात.” सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आपल्याकडे 1967चा कायदा आहे, मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि त्यावर अनुदान ठरतं. वाचनालयांनाही उपक्रम हवे असतात, हा मुद्दा मला आधी कुणी सांगितला असता तर! त्यांच्या अटी तीनच: फळ्यावर सूचना लावायची, कुणी सभासद येऊन बसला तर बसू द्यायचं, आणि रजिस्टरमध्ये सह्या. सकाळचे पेपर वाचणारे उठले की खोली आमची. फॉर्म नाहीच. पहिल्या रविवारी एक निवृत्त शिक्षक येऊन बसले, ते आता नियमित येतात आणि आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतात.

आता बाकीचं, आठवेल तसं. विंडोजवर पायथॉन टाकताना पहिल्याच पडद्यावर खाली ‘पाथ’चा, म्हणजे पायथॉन कुठे आहे ते विंडोजला कळवणारा, चौकोन असतो, त्यावर टिक करायला लावा. नाहीतर पहिला तास ‘कमांड सापडत नाही’ यातच जातो. सगळ्यांनी एकाच वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेच पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) उतरवायला घेतलं की कुणाचंच उतरत नाही. इन्स्टॉलर आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर घ्या, ‘पिप डाउनलोड’ या कमांडने पॅकेजेस एका फोल्डरमध्ये आणा, तिथून इंटरनेटशिवाय टाकता येतात. पायथॉनचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही उतरवून ठेवता येतं.

विषय काय घ्यायचा यावर वाद घालत बसू नका. आम्ही ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ची, म्हणजे दर डिसेंबरला ऑनलाइन येणारी प्रोग्रामिंगची, जुनी कोडी घेतो. 2015पासूनची सगळी खुली आहेत. त्यातलं पहिलंच कोडं, कंस उघडला की एक मजला वर, मिटला की एक खाली, नवख्यालाही अर्ध्या तासात सुटतं. शेजाऱ्याचा इनपुट, म्हणजे कोड्यासोबत मिळणारी माहिती, सहसा वेगळा असतो, त्यामुळे उत्तर उतरवून भागत नाही. सुटल्यावर दोघांनी आपापला कोड सगळ्यांपुढे वाचून दाखवायचा. खरा अभ्यास तिथे होतो. कुणी एकेक कंस तपासणारा फॉर लूप लिहिलेला असतो, कुणी एका ओळीत आयतं मोजून देणारं ‘काउंट’ वापरून मोकळा झालेला असतो, आणि मग भांडण जुंपतं.

भाषण देणारा मोठा माणूस शोधू नका, तो यायचा रद्द झाला की बैठक रद्द होते. एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा न्या, वाचनालयांच्या भिंतींना पॉइंट कमी असतात.

आणि ग्रुपवर कुणी “सर्टिफिकेट मिळणार का?” विचारलं, तर पहिल्याच दिवशी नाही म्हणून सांगा. आमच्याकडे त्यावर निम्मी पोरं गेली, आणि आता प्लग पुरतात.