रामटेककडच्या गावाचं निस्तार पत्रक

नागपुरातल्या एका महसुली कार्यालयाची रेकॉर्ड रूम मी सांभाळते. हिवाळी अधिवेशन सुरू होतं, सगळे तारांकित प्रश्नांच्या उत्तरांत बुडालेले. त्या गडबडीत रामटेककडच्या एका गावातून दोन म्हातारे बाबाजी आणि एक तरुण मुलगी आली. मुलीच्या हातात माहितीच्या अधिकारातल्या पहिल्या अपिलाचा आदेश होता: अर्जदाराला अभिलेख प्रत्यक्ष पाहू द्यावा.

मागणी साधी होती, गावाच्या निस्तार पत्रकाची, म्हणजे गावाच्या सामाईक जागा आणि त्यांच्या वापराचे हक्क नोंदवलेल्या कागदाची नक्कल. मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या, तलावाकडे ढोरं न्यायच्या वाटेवर पोळ्याच्या सुमारास कुंपण पडलं होतं, आणि कुंपणवाला म्हणत होता की ही वाट कागदावर नाहीच. माहितीच्या अधिकारातल्या अर्जाला उत्तर मिळालं तेही ३० दिवस उलटल्यावर, एका ओळीत: ‘अभिलेख उपलब्ध नाही.’

ही ओळ वाचली की मला संताप येतो. कुठे शोधलं, कोणी शोधलं, नष्ट झालं असेल तर कोणाच्या आदेशाने, यातलं काहीच तिच्यात नसतं. आणि इथे तर दिवस मोजून होते. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ प्रमाणे अडवलेली वाट मोकळी करून मागायची, तर अडथळा आल्यापासून ६ महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावावा लागतो. दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे जावं लागलं असतं, तर ती मुदत तिथल्या रांगेतच संपली असती.

गावाच्या रॅकवर बस्ता, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, खरंच नव्हता. आम्ही शोधत असताना थोरले बाबाजी म्हणाले, “मॅडम, आमचं गाव पहिले दुसऱ्या तहसिलीत होतं जी. तिकडच्या बस्त्यात पाहून घ्या ना.”

तालुके विभागले, तलाठ्यांचे साझे बदलले, पण जुने बस्ते जागचे हलले नव्हते. पलीकडच्या भिंतीशी, वरच्या फळीवर तो सापडला. लाल कापड विटलेलं, गाठ इतकी घट्ट की शिपायाला बराच वेळ लागला. कडा कसरीने खाल्लेल्या, शाई मात्र वाचता येत होती. मुलीने बोट ठेवत मोठ्याने वाचलं: ढोरांना पाणी पिण्यासाठी तलाव, आणि त्याकडे जाणारी वहिवाट, जमिनीच्या खसरा क्रमांकासह. थोरले बाबाजी दुसऱ्या बाबाजींकडे वळून म्हणाले, “हाय ना मंग!”

अभिलेख स्वतः पाहणं, टिपणं काढणं हे २००५ च्या कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येतच घातलं आहे. ते किती मोलाचं आहे, हे मला त्या दिवशी नीट कळलं. बाबाजी समोर नसते तर त्या फळीकडे कोणी पाहिलंही नसतं.

मुलीने पानामागे २ रुपयांप्रमाणे पैसे काढले. मी ते परत केले. मुदतीत माहिती दिली नाही तर कलम ७(६) प्रमाणे ती मोफत द्यायची असते. सही-शिक्क्याच्या नकला संध्याकाळच्या आत तिच्या हाती दिल्या, आणि दाव्याची मुदत सांगून तहसीलला उद्याच जा म्हटलं.

अभिलेखांची सूची ठेवणं कलम ४ प्रमाणे आमचंच काम. त्या भिंतीकडच्या बस्त्यांची यादी मी आता करते आहे, प्रत्येक गावापुढे जुना तालुका आणि नवा तालुका दोन्ही लिहून.