दरी बंद आहे

ग्रँड कॅनियन मी पाहिलेली नाही. तिचं फाटक मात्र चांगलं वीस मिनिटं पाहिलंय. नारिंगी शंकू, आडवा लावलेला अडसर आणि त्यापलीकडे पाइनच्या झाडांत शिरणारा मोकळा रस्ता.

तारीख ५ ऑक्टोबर २०१३, शनिवार. पोरगा अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्सला असतो. त्यानं निघण्याआधीच सांगितलं होतं, "पप्पा, शटडाउन आहे, सरकारी कामं ठप्प, पार्क बंद आहे." मी म्हटलं, दरी कशी बंद असेल? ती काय रेशनचं दुकान आहे? साडेतीन तासांचा रस्ता. वाटेत मॉन्टेझुमा कॅसल नावाची कड्यातली जुनी वस्ती लागते, तीही बंद. तिथंच मी गप्प बसून परत फिरायला हवं होतं. पण इचलकरंजीच्या पतसंस्थेत एकतीस वर्षं वसुली केलेला माणूस कुलूप दिसलं म्हणून मागं फिरत नाही. कुलूप लावून घरातच बसलेले कर्जदार मी ढिगानं पाहिलेत.

फाटकावरचा रेंजर अत्यंत नम्र. सॉरी म्हणाला, हिला मॅडम म्हणाला, नकाशा दिला. पोरानं नंतर सांगितलं, हे लोक सध्या बिनपगारी ड्यूटी करतायत, पगार कधी होईल कुणालाच माहीत नाही. त्यावर मला आणखी काही बोलता येईना.

कारण असं. तिकडं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याला पैसा देणार नसाल तरच बाकीच्या खर्चाला मंजुरी, असा प्रतिनिधीगृहातल्या रिपब्लिकन मंडळींचा हट्ट. सिनेटमधले डेमोक्रॅट ऐकेनात. झालं, सरकारला टाळं. पण गंमत बघा, त्या कायद्याचा बराचसा पैसा वार्षिक मंजुरीवर अवलंबूनच नव्हता. त्यामुळं विमा विकणारी सरकारी वेबसाइट नेमकी त्याच १ तारखेला उघडली. उघडली आणि गर्दीनं कोलमडली, ते वेगळं. ज्याच्यासाठी टाळं लावलं ते चालू, आणि मी इचलकरंजीहून जे बघायला आलो ते बंद.

फाटकाच्या अलीकडं तुसायान नावाचं इवलंसं गाव आहे. हॉटेलं, पिझ्झा, भेटवस्तू, बस्स. सगळं गाव दरीवर जगतं. पार्कातल्या हॉटेलांचे कामगार घरी बसवले होते, त्यांच्यासाठी फिनिक्सच्या फूड बँकेतून खोकी येत होती. हिचा पाय दुखत होता म्हणून आम्ही एका दुकानात टेकलो. दुकानदार सत्तरीचा, पूर्वीचा इलेक्ट्रिशियन. गिऱ्हाईक आम्हीच. मी सहानुभूतीनं म्हणालो, तुमचं फार नुकसान होतंय.

तो म्हणाला, "होऊ दे. बंदच राहू दे."

मला वाटलं माझ्या इंग्रजीत घोळ झाला. पोराला मध्ये घातलं. नाही, तो तेच म्हणत होता. आठवड्याचा धंदा बुडाला तरी चालेल, पण कुणीतरी एकदा नाही म्हणायला हवं. देशावर १६ लाख ७० हजार कोटी डॉलरच्या आसपास कर्ज, १७ ऑक्टोबरपर्यंत कर्जाची मर्यादा वाढवली नाही तर तिजोरी रिकामी, आणि हे नवी योजना काढतायत! घरात असं कोण करतं? २००८ मध्ये बँकांना वाचवायला ७०० अब्ज मंजूर केले तेव्हा आमचाच बुश होता, म्हणाला, तेव्हाही मी शिव्या घातल्या होत्या. त्यानं पहिलं मत १९६४ मध्ये रिपब्लिकनांचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांना दिलेलं. अ‍ॅरिझोनाचेच. सपाटून पडले होते. ते सांगताना म्हातारा ताठ बसला.

खरं सांगतो, मला तो आवडला. अंथरूण पाहून पाय पसरावे हे मी जन्मभर कर्जदारांना ऐकवत आलोय. फरक एवढाच की अमेरिकेला अंथरूण लोकच आणून देतात. आपली रिझर्व्ह बँकसुद्धा अमेरिकी सरकारचे रोखे बाळगून असते. म्हणजे त्यांच्या सावकारांत खारीच्या वाट्यानं मीही आलो. हे मी त्याला सांगितलं. तो हसला नाही. "तेच तर म्हणतोय," म्हणाला.

मग मी हिच्या पायाचं काढलं. आदल्या आठवड्यात सेडोनाला घसरून घोटा मुरगळला होता. एका दवाखान्यात नेलं. मी काउंटरवर विचारलं, किती होतील? बाई म्हणाली, आत्ता सांगता येणार नाही. वीस मिनिटं, एक्स-रे नाही, एक पट्टी. बिल ३८५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळपास चोवीस हजार रुपये. प्रवासी विम्यात पहिले २५० आपणच भरायचे, हे बारीक अक्षरात होतं. इतरांच्या करारातलं बारीक अक्षर वाचण्यात माझी हयात गेली, आणि स्वतःचं वाचलं नाही. हिनं अजून माफ केलेलं नाही.

मला वाटलं आता हा गप्प होईल. उलट त्याला जोर चढला. "बघा! आधी भाव सांगितला का? नाही. का? बिल विमा कंपनी भरते म्हणून. गाडीचं ऑइल बदलायला कुणी विमा वापरतं का? लोकांनी खिशातून दिले असते तर दवाखान्यानं दारावर पाटी लावली असती." त्याचा मुलगा प्लंबर. स्वतःचा स्वस्तातला विमा घेऊन होता, तो ३१ डिसेंबरला बंद होणार अशी चिठ्ठी आलेली, नव्या कायद्याच्या अटींत बसत नाही म्हणून. आवडता विमा तुमच्याकडंच राहील असं ओबामा वर्षानुवर्षं सांगत होते. त्या चिठ्ठीचा राग खरा होता. तिथं मला उत्तर नव्हतं, आजही नाही.

पण पोरगं आमचं शांतपणे विचारतं, "आणि तुमचा स्वतःचा विमा?"

"मेडिकेअर."

म्हणजे १९६५ ची सरकारी योजना. पासष्टीनंतर सगळ्यांना. म्हातारा लगेच म्हणाला, ते माझं आहे, जन्मभर पगारातून कापून घेतलंय. आता ही काही भविष्यनिर्वाह निधीसारखी नावावर साठलेली रक्कम नव्हे. आज कामाला जाणाऱ्यांच्या पगारातून कापलेला पैसा आजच्या म्हाताऱ्यांवर खर्च होतो. प्लंबर पोराच्या कमाईतून बापाचं ऑपरेशन. पोरगं हे बोलणार होतं, मी त्याचा हात दाबला. पेन्शन हा शब्द निघाला असता तर माझंही काही खरं नव्हतं.

बाकी त्या पक्षात सगळे त्याच्यासारखे होते असंही नाही. अ‍ॅरिझोनाचे सिनेटर मकेन पहिल्यापासून या डावाच्या विरोधात. गव्हर्नर जॅन ब्रूअर त्याच पक्षाच्या, त्यांनी त्याच वर्षी स्वतःच्या आमदारांशी भांडून गरिबांची मेडिकेड योजना वाढवून घेतली. त्यांची नावं काढली की म्हातारा नुसता हात झटकायचा.

दुसऱ्या दिवशी नावाहो लोकांच्या हद्दीतली लिटल कोलोरॅडोची घळ पाहिली. ती उघडी होती, सुंदर होती. ही म्हणाली, झालं की, दरी ती दरी.

आमचं विमान ११ तारखेचं. १२ तारखेला ब्रूअरबाईंच्या सरकारनं सात दिवसांचे ६,५१,००० डॉलर मोजून कॅनियन उघडून घेतली. पोराचा मेसेज मला मुंबईत उतरल्यावर मिळाला. मी तो हिला दाखवला नाही.

त्या दुकानातून मी फ्रिजवर लावायचं एक चुंबक घेतलं होतं. दरीचं चित्र, चार डॉलर. माझ्याकडं शंभराची नोट, त्याच्याकडं सकाळपासून गल्ल्यात सुट्टे नाहीत, कार्डाचं मशीन खर्च वाचवायला बंद केलेलं, आणि पोरगं पेट्रोल भरायला गेलेलं. मी चुंबक परत ठेवू लागलो तर त्यानं ते कागदात गुंडाळून हिच्या पिशवीत टाकलं.

"पुढच्या वेळी द्या," म्हणाला.

ते अजून द्यायचेत.